द्वारकावहिनींचा वाळूतला मारुती

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या वडीगोद्रीत बातमी उठली, की द्वारकाबाईनं नवऱ्याला गोदावरीच्या वाळवंटात जिवंत पुरलं आणि दिवेलागणीला गाडी हाकत एकटीच घरी आली. सांगणारे काही साधेसुधे नव्हते. रोज नवीन काहीतरी ऐकल्याशिवाय ज्यांना भाकर पचत नाही, अशी पारावरची जाणती मंडळी होती. एकानं तर गाडीतली चादर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि चादरीवर म्हणे लाल लाल डाग होते.

मी द्वारकावहिनींचा शेजारी. भिंतीला भिंत लागून घर. त्यांच्याकडं फोडणी पडली की शिंक मला येते. तेव्हा खरं काय ते मीच सांगायला पाहिजे. पुरलं, हे खरं. जिवंत, हेही खरं. पण परत उकरून आणलं, हे सांगायला लोक विसरले. चादरीखाली त्यांचा नवरा रखमाजी होता आणि बैलांना लाज वाटावी असा घोरत होता. डाग गेरूचे होते. आणि वहिनी एकट्या कशा? गाडीत मागं मी पाय सोडून बसलो होतो. पण मी असलो काय आणि नसलो काय, पारावर मला कुणी धरतच नाही.

द्वारकावहिनींची एक खोड आहे. त्यांना अर्धं काम जमत नाही. अंगणात विंचू निघाला तर दुसरी बाई विंचू मारून हात धुईल. वहिनी विंचू मारतात आणि तो ज्या दगडाखालून निघाला तो दगडही उचलून गावाबाहेर टाकून येतात. अंगानं किरकोळ, पण चालताना जोडव्यांचा असा आवाज, की गल्लीतली कुत्री आधी उठून बाजूला होतात. रखमाजी त्यांच्या अगदी उलट. उंच, शांत, मिशा भरघोस, आणि बोलणं असं की दोन शब्दांच्या मध्ये माणूस तंबाखू मळून घेईल.

या रखमाजीचे गुडघे गेले होते. मोटेच्या धावेवर बैलांच्या मागं खाली-वर करून करून ते आखडले. चालता येई, उभं राहता येई, पण मांडी घालून खाली बसायचं म्हटलं की संपलं. दोन वर्षं त्यानं ही गोष्ट गावाला कळू दिली नाही. पंगतीचं बोलावणं आलं की म्हणायचा, "आज उपास हाय." सत्यनारायणाला उपास, बारशाला उपास, माझ्या पुतण्याच्या लग्नात तर ओळीनं दोन दिवस उपास. रखमाजीला वैराग्य आलं, असं गाव म्हणू लागलं. काही बायका त्याच्या पाया पडत. भिंतीपलीकडं उभ्यानं भाकरी खाणारा हा विरागी मला रोज दिसायचा, पण मी कशाला बोलू? एवढी चांगली करमणूक आपल्या हातानं कोण मोडतो?

मग शेवंताचं लग्न ठरलं. शेवंता ही त्यांची एकुलती एक लेक. स्थळ घनसावंगीचं, व्याही काकासाहेब, भारदस्त माणूस, उसाचे मळे. साखरपुड्याला रखमाजी दिवसभर उभा राहून वाढत होता. पाहुणे म्हणाले, वा, काय उमदा व्याही मिळाला, एकदा म्हणून टेकला नाही. वैशाखातली तिथी धरली, आणि मग वहिनींच्या ध्यानात आलं. कन्यादानाला आई-बापानं पाटावर जोडीनं बसावं लागतं. तास-दीड तास, मांडी घालून. तिथं उपास चालत नाही.

त्यांनी मार्तंडशास्त्र्यांना गुपचूप विचारलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून सांगितलं, "बापाला बसता येत नसेल तर धाकट्या भावानं सपत्नीक बसावं. शास्त्राला मान्य आहे."

धाकटा भाऊ पुंजाराम. त्याची बायको नंदाबाई. म्हणजे वहिनींच्या पोटची पोर, आणि तिचा हात जावयाच्या हातात देताना पाटावर जाऊबाई! वहिनी त्या दिवशी माझ्याशीसुद्धा भांडल्या नाहीत, यावरून काय ते समजा. नंदाबाई वाईट नाही हो. पण दुसऱ्याच दिवशी तिनं आपला शालू पेटीतून काढून अंगणात दोरीवर उन्हाला घातला. जांभळा शालू, हातभर जर. तो वाऱ्यानं फडफडला की वहिनींच्या घरात भांडी आदळत.

"वैनी, मी काय मागून घेतलं का?" नंदाबाई म्हणाली.

"न्हाई. पर दोरीवर तूच घातलास," वहिनी म्हणाल्या.

अंबडला एक म्हातारे हकीमसाहेब होते. वहिनींनी रखमाजीला तिथं नेलं. हकीमसाहेबांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "दरिया की गरम रेती में कमर तक बिठाव. पसीना निकलने दो. बाद में तिल का तेल." दरिया म्हणजे नदी, हे वहिनींना कळलं. कमरेपर्यंत, हेही कळलं असणार. पण त्यांची खोड मी आधीच सांगितली आहे.

आता प्रश्न असा, की लग्न तोंडावर आलेलं असताना नवऱ्याला घेऊन नदीला कशाला चाललात, असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? त्याचवेळी देवानं एक बैरागी पाठवला. जगन्नाथपुरीकडचा माणूस, जटा, कमरेला भगवं फडकं. शहागडला गोदावरीच्या वाळवंटात त्यानं मुक्काम टाकला आणि वाळूची चित्रं करायला लागला. चित्रं म्हणजे सपाट नव्हे, वाळूतून वर उठलेली. हत्ती, मगर, निजलेला कुंभकर्ण. आठ दिवसांत ही खबर तालुकाभर झाली. समुद्राच्या काठी असली चित्रं करतात म्हणे. दिवाळीच्या तोंडावर आम्ही हैदराबाद संस्थानातून मुंबई राज्यात गेलो होतो. कागदोपत्री आता आमच्या राज्याला समुद्र होता, पण आमच्यापैकी कुणी तो पाहिला नव्हता. आता समुद्रकाठचं निदान एवढं तरी बघू, म्हणून गावातून चार गाड्या निघाल्या. सगळ्यात पुढं वहिनींची. हाकायला त्याच. रखमाजीला धुरेवर बसता येत नव्हतं.

"बद्रीभावजी, तुम्हीबी चला," मला म्हणाल्या. "फावडं धरायला माणूस पायजे."

"चित्रं बघायला फावडं कशाला, वैनी?"

"तुम्हाला यायचंय का न्हाई?"

मी गेलो. असल्या ठिकाणी न गेलो तर माझं शेजारपण काय कामाचं?

शहागडला नदी चैत्रात अंग चोरून वाहते. एका कडेला पाण्याची धार, बाकी सगळी वाळूच वाळू, पांढरी, डोळे दिपवणारी. त्या वाळूत ओळीनं ती चित्रं. खरं सांगतो, बघून थट्टा सुचेना. हत्तीचा पाय मगरीच्या जबड्यात, आणि सोंड अशी वर केलेली, की आता ओरडतो का मग ओरडतो. पलीकडं कुंभकर्ण, त्याच्या पोटावर चढून ढोल वाजवणारी बोटभर माणसं. आणि शेवटी एक आगगाडी, डब्यांसकट. लोक हत्ती-कुंभकर्ण सोडून आगगाडीपाशी जास्त उभे होते. एक म्हातारा विचारत होता, ही जालन्याला थांबती का?

वहिनींनी हत्ती बराच वेळ पाहिला. बैराग्याला म्हणाल्या, "महाराज, कान बारीक झाले."

वहिनींनी जन्मात हत्ती पाहिलेला नाही. बैराग्याला मराठी येत नव्हतं. पण वहिनींनी आपल्या कानाशी दोन्ही हात सुपासारखे हलवून दाखवले. बैरागी हसला, ओंजळभर ओली वाळू घेतली आणि कान वाढवले. आणि काय सांगू, हत्ती एकदम हत्तीसारखा दिसायला लागला. वहिनी तृप्त झाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चला, आता आपलं काम. जल्दी."

ऊन माथ्यावर आलं होतं. बैरागी आंघोळीला धारेकडं गेला. ओळीच्या टोकाला, आगगाडीच्या पलीकडं, नव्या चित्रासाठी त्यानं जागा साफ करून ठेवलेली होती. वाळू तिथं कोरडी आणि भाजल्यासारखी गरम. मी खड्डा केला. रखमाजी धोतराचा काचा मारून आत निजला. मी कमरेपर्यंत वाळू लोटली आणि थांबलो.

"थांबलात का?" वहिनी म्हणाल्या.

"हकीमसाहेब कमरेपर्यंत म्हणाले होते."

"त्यांनी गुडघे पाह्यले. खांदे कुठं पाह्यले? लोटा."

गळ्यापर्यंत लोटली. वर वहिनींनी पाणी शिंपडून थापटून थापटून गुळगुळीत केली, सारवल्यासारखी. उरलं तोंड. रखमाजीला उन्हानं अंगावर पित्त उठतं आणि त्यावर आमच्याकडं गेरू लावतात. वहिनींनी गेरू कालवून आणलाच होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत थापला. डोळ्यांवर झापड येऊन रखमाजी म्हणाला, "बरं वाटून राह्यलं." आणि झोपला.

आम्ही दोघं पुन्हा हत्तीकडं गेलो, कारण वहिनींना नवे कान परत बघायचे होते. जाताना मी मागं वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. वाळूचं लांबच लांब अंग, तोंड लालभडक, मिशा फुललेल्या. ओळीतलं शेवटचं चित्र. आणि वार होता शनिवार.

आमच्याकडच्या माणसाला निजलेला मारुती नवा नाही. खुलताबादचा भद्रा मारुती निजलेलाच आहे, आणि दर घरातलं कुणी ना कुणी तिथं जाऊन आलेलं आहे. कुठल्याशा गावची एक म्हातारी तिथं आली, तिनं पाहिलं आणि हात जोडले, "बाई गं! भद्रा मारुती!" हातात बाटली होतीच, शनिवारचं तेल ती गावात घालणार होती, ते तिनं इथं घातलं. मग काय! एकानं घातलं की दुसरा विचारत नाही. कुणी उडीद टाकले, कुणी मीठ. एकानं रुईच्या पानांची माळ करून आणली आणि गळ्यावर ठेवली. आम्ही येऊन बघतो तर रखमाजीपुढं रांग लागलेली.

"अगं माय!" वहिनी धावल्या.

मी त्यांच्या वाटेत आडवा आलो. "वैनी, थांबा. रांगेत कोण हाय बघा."

रांगेत काकासाहेब होते. घनसावंगीहून ट्रक भरून माणसं चित्रं बघायला आली होती, त्यात आमचे व्याही. फेटा, काठी, हातात नारळ. वहिनींचा पाय जागच्या जागी थांबला. पदर डोक्यावरून पुढं ओढत त्या आगगाडीच्या आडोशाला बसल्या. तोंड उतरलं. असं त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. "भावजी, आता संपलं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नवरीचा बाप अधू आहे हे व्याह्यानं असं भर वाळवंटात बघितलं, तर पाटावर नंदाबाई बसणार हे तर ठरलंच, पण पाटच मांडला जाईल का नाही, कोण जाणे.

कुणीतरी दगडावर नारळ फोडला. रखमाजी जागा झाला. त्यानं डोळ्याची एक फट उघडली, समोर काकासाहेब बघितले आणि फट मिटली. त्यानंतर तो माणूस जसा निश्चल राहिला, तसा खरा मारुतीही राहिला नसता.

काकासाहेब पुढं आले. इकडंतिकडं बघितलं. रांगेतली माणसं जरा मागं होती. काठीवर भार देऊन, आवाज खाली आणून ते बोलू लागले. मी चार हातांवर होतो, आणि माझे कान कसे आहेत ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"मारुतीराया, खाली वाकत न्हाई, राग मानू नको. गुडघेच वाकत न्हाईत. दोन वर्सं झाली. घरच्यांशिवाय कुणाला म्हाईत न्हाई. पोराचं लगीन आलंय. लोक पाय धुवायला पाटावर बसवतील. बसलो तर मला उठवायला चार माणसं लागतील, आन् बिलकुल शोभा व्हईल. आमचे व्याही बघ, कसा माणूस! साखरपुड्याला दिवसभर उभा. एकदा टेकला न्हाई. पंगतीलाबी उपास. असल्या माणसासमोर माझी लाज राख."

रखमाजीच्या मिशा आधी हलल्या. मग पोटावरच्या सारवलेल्या वाळूला एक चीर गेली. मग दुसरी.

"देव हलला!" म्हातारी ओरडली. रांग मोडली. कुणी पुढं धावलं, कुणी मागं. एकानं चपला तिथंच सोडल्या. काकासाहेबांना पळता येत नव्हतं, म्हणून ते एकटे तिथंच उभे राहिले.

लाल तोंड उघडलं. "रामराम, व्याही."

काकासाहेबांनी त्या मिशा निरखून पाहिल्या. मग म्हणाले, "रखमाजीराव?"

"व्हय."

"तुम्ही हितं काय करून राह्यले?"

"तुम्ही आत्ता जे मागितलं ना, तेच."

आधी काकासाहेबांचा फेटा हलला, मग खांदे, आणि मग ते काठी टाकून असे हसले की डोळ्यांना पाणी आलं. वाळूतला रखमाजीही हसत होता, पण हात आत असल्यामुळं त्याला डोळे पुसता येईनात आणि गेरूचे ओघळ कानात चालले होते. पळालेली माणसं एकेक करून परत आली. म्हातारी तेवढी रागावली. "तेल वाया घालवलं माझं," म्हणाली. काकासाहेब म्हणाले, "आजीबाई, वाया न्हाई गेलं. बराबर जागी गेलं."

आता आडोशातून वहिनी उठल्या. पदर खोचला, फावडं उचललं आणि रखमाजीच्या बाजूला खणायला लागल्या.

"हे काय, विहीणबाई?" काकासाहेब म्हणाले.

"निजा."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणत न्हाईत. तेल घालतील."

घनसावंगीचे काकासाहेब फेटा काढून वाळूत निजले, हे मी पारावर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. पण निजले. बैरागी आंघोळ करून परत आला, आपल्या जागेवर दोन नवी चित्रं पाहिली, दोन्ही मिशांवाली, आणि खाली बसला. एकाच्या बाजूला त्यानं वाळूची गदा केली. दुसऱ्याला शेपूट. शेपूट कुणाला होतं ते मी लिहीत नाही; दोघेही माझ्या ओळखीचे आहेत.

ऊन कलेपर्यंत ते दोघं शेजारी पडून बोलत होते. मी पाणी पाजायला बसलो होतो. रखमाजीनं पाटाची गोष्ट सांगितली, शास्त्रीबुवांचा निकाल सांगितला. जाऊबाईचा शालू मात्र वहिनींनीच सांगितला, जरीच्या मापासकट. काकासाहेबांनी आभाळाकडं बघत विचार केला.

"एक करू," म्हणाले. "मी सांगतो, आमच्या घराण्याची रीत हाय. कन्यादान चौरंगावर बसून घ्यायचं आन् चौरंगावर बसूनच द्यायचं. उंच चौरंग, पाय खाली सोडून. पायबी तसेच धुवायचे. नवऱ्यामुलाकडची रीत म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

"खरंच हाय का अशी रीत?" रखमाजीनं विचारलं. त्याचा साधेपणा इथं कळतो.

"आत्ता केली की," काकासाहेब म्हणाले.

संध्याकाळी दोघांना उकरून काढलं. रखमाजी स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत आला, पण घामानं आणि हसण्यानं इतका गळून गेला होता की गाडीत आडवा झाला तो झालाच. वहिनींनी चादर टाकली. गेरू चादरीला लागला. बाकीच्या गाड्या आगगाडीपाशी रेंगाळल्या होत्या, म्हणून आमची एकटीच पुढं वेशीत शिरली आणि पारावरच्या मंडळींना महिनाभराचं खाणं मिळालं.

गुडघ्यांचं म्हणाल तर थोडे सैल झाले. रखमाजी आता ओट्यावर बसतो-उठतो. मांडी काही बसली नाही ती नाहीच.

वैशाखात लग्न झालं. मार्तंडशास्त्र्यांनी चौरंग बघून कपाळाला आठी घातली. काकासाहेब जड आवाजात म्हणाले, "आमच्याकडं असंच असतं." शास्त्रीबुवांनी आठी काढली. मांडवातल्या निम्म्या लोकांनी शहागडला रांगेत उभं राहून तेल घातलेलं होतं. त्यांनी तोंडात उपरणी धरली, पण बोललं कुणी नाही. वहिनी रखमाजीच्या शेजारी ताठ बसल्या होत्या, हिरवं लुगडं, नाकात नथ, पाय जमिनीला टेकत नव्हते ते किंचित हलत होते. शेवंताचा हात पुढं करताना त्यांच्या हातावर पाणी धरलं, त्यातलं थोडं कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. नंदाबाईनं शालू नेसलाच. सगळ्यात पुढं उभी राहून तिनं अक्षता टाकल्या, आणि दिसली मोठी छान. हे खुद्द वहिनींनीच कबूल केलं.

त्यानंतर गावात आणखी दोन लग्नं झाली. दोन्हीकडं चौरंग मांडले. गुडघे कुणाचेच दुखत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, मोठ्या घरात असंच असतं.

मला राहवेना. परवा भिंतीवरून वाकून वहिनींना म्हटलं, "वैनी, गाव तुमच्या नादी लागलं. एवढी जुनी रीत, पर तिला अजून वर्ससुद्धा झालं न्हाई, हे मी उठून सांगू का पारावर?"

वहिनी उडीद निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगा की, भावजी. आज नवी हाय, शेवंताच्या पोरीच्या लग्नापातूर व्हईल जुनी."